बाबांना ट्वीटर ऐकू आला नाही

मंडळी, आज आमच्या जामबाग वस्तीत घरासमोर बाबांच्या गाडीत क्रॉसओव्हर लावत होतो. तो जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे, बारीक आवाज छोट्या ट्वीटरकडे पाठवतो. सेटिंग चुकलं तर ट्वीटर जळतो, म्हणून धाकधूक होती.

तपासायला फक्त ट्वीटर चालू ठेवला. गाण्यातल्या झांजा खणखणीत वाजल्या.

शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "जल गया क्या रे? काहीच ऐकू येत नाही."

मी आवाज वाढवला. माझे कान दुखायला लागले, तरी बाबा वाटच बघत होते.

"बाबा, तो वाजतोय."

त्यांनी ट्वीटरजवळ कान नेला. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुझी आईच हल्ली पुटपुटते."

उद्या बाबांना घेऊन कानाच्या डॉक्टरकडे जातोय. तुमच्या घरी सगळ्यांना नीट ऐकू येतं का, कधी विचारलंय?