पपईचे दोन देठ

"बघ आता, कोन कोनाला गिळतंय!" असं म्हणत आक्का पपईच्या पानाचा पोकळ देठ साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि फुंकर मारायची. नातवंडं होती तिला, पण फुगा सुटला की पहिली टाळी तिचीच. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल.

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच सुमारास दुष्काळानं पाणी गेलं. मुलाला नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर काम मिळालं म्हणून आक्का जळकोटकडच्या खेड्यातून आमच्या शेजारी आलेली. कपडे धुतलेल्या पाण्यात गुळाचा खडा टाकून ती फुगे करायची, उरलेलं अंगणातल्या पपईला.

टँकरपाशी मला कुणीही मागं ढकलावं. तोंडातून शब्द फुटायचा नाही. घरात तान्हं बाळ, आणि माझी घागर रोज अर्धी. कोपऱ्यावरच्या काकूंची मात्र कायम पहिली. आक्काला ते बघवेना.

एकदा टँकरची वाट बघताना ती म्हणाली, "काकू, पैज लावता? एका देठाला मोठा फुगा, दुसऱ्याला बारका. देठ जोडले तर काय व्हईल?"

"मोठ्यातली हवा बारक्यात जाईल, दोघं सारखे होतील. ह्यात काय इचारायचं?"

"हरलात तर तुमचा नंबर हिचा, रोजचा."

"आन् तू हरलीस तर?"

"महिनाभर तुमची भांडी घासते."

बारक्या फुग्याचा देठ माझ्या हातात आला. मागचं तोंड मी अंगठ्यानं दाबून धरलं. मी अंगठा काढताच आक्कानं तिच्या मोठ्या फुग्याच्या देठाचं निमुळतं टोक तिथं सरकवलं. माझा फुगा आणखी बारका झाला, आणखी, आणि गेलाच! सगळी हवा मोठ्यात. गल्ली हसली. काकूसुद्धा, पदर तोंडाला लावून.

"असं कसं गं?" काकूंनी विचारलं.

"बारका लई आवळून धरतो, हवेला जाच हुतो. मोठा जरा ढिला. वाट घावली की हवा पळनारच. खेड्यातली मानसं लातुरात कशी आली?"

त्या दिवसापासून माझी घागर काठोकाठ.

पुढं तिच्या गावच्या आडाला पाणी आलं, तशी आक्का परत निघाली. एसटीच्या खिडकीखाली मी जन्मात पहिल्यांदा ओरडून बोलले, "आक्का, हवा बारक्यातून मोठ्यात जाती म्हनलीस ना? मंग तू उलटी कशी निघालीस?"

"मी काय हवा हाय का गं?"

ती एवढी हसली की कंडक्टरनं वळून बघितलं. धुरळा बसेपर्यंत ते हसू मला ऐकू येत होतं.

घरी आले, बाळाला कडेवर घेतलं आणि तिच्या अंगणातल्या पपईचा एक देठ तोडला.