चुन्याखालची काजळी

आदरणीय नामदेव आप्पांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. कारेगावात कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा वडापावचा गाडा होता आणि आप्पा आमचे ग्रामविकास अधिकारी. गटारीवर आलेला गाडा त्यांनी मागे, बंद गोडाऊनच्या भिंतीला सरकवायला लावला. मी तावातावाने बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, एक वडापाव खाल्ला आणि पैसे देऊन गेले.

पुढे करोना आला. कंपन्या बंद, कामगार आपापल्या गावी. मी गाडा राहू या गावी, माझ्या माहेरी नेऊन ठेवला. मालक वारल्यापासून दोन्ही लेकी त्याच गाड्यावर वाढत होत्या. अशात सरकारने छोट्या धंदेवाल्यांसाठी बिनतारण कर्ज जाहीर केले. धंदा आधीपासून चालू होता, असा पंचायतीचा दाखला मात्र हवा होता. माझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. दाखला मिळाला नसता तर बिऱ्हाड उचलून भावाच्या दारात जावे लागणार होते.

आप्पा पाहणीला येणार म्हटल्यावर मी काय करावे? साहेब येणार म्हणून लेकींना घेऊन गाड्याची रिकामी जागा झाडली, सडा घातला आणि भिंतीला पांढराशुभ्र चुना दिला!

तोंडाला मास्क, काखेत फाईल अशा थाटात आप्पा आले.

"सुमनताई, धंदा कुठं हाय?"

"हितंच की, आप्पा."

"हितं तर कायबी दिसंना. फोटू कशाचा काढू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीवरची, कढईच्या धुराची सहा वर्षांची काजळी मीच चुन्याखाली झाकली होती.

दुसरे कोणी 'धंदा आढळला नाही' असे लिहून निघून गेले असते, किंवा ओळखीखातर डोळे झाकून सही केली असती. आप्पांनी स्कूटरची किल्ली काढली आणि भर उन्हात उकिडवे बसून चुना खरवडू लागले. खाली काळेभोर निघाले. त्यांनी बोट फिरवले, वास घेतला आणि हसले.

"सरकारी पाव्हणा येनार म्हणून भिंतीला आंघोळ घातली व्हय? आवं, ह्योच तर तुमचा कागद हाय!"

हातभर भिंत मोकळी करून त्यांनी फोटो काढला, शेजारच्या पंक्चरवाल्याचा आणि मेडिकलवाल्याचा जबाब घेतला आणि दाखला दिला. भिंत वाचणारा अधिकारी मी जन्मात पाहिला नव्हता. नंतर कळले, गावातल्या शिंपीमामांच्या घरीही त्यांनी शिलाई मशीनचे झिजलेले पेडल पाहूनच दाखला दिला होता. त्या दिवसांत माणसे एकमेकांच्या दाराला जायला भीत होती आणि आप्पा दारोदार हिंडत होते. माझ्याकडे चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "गाडा लागू द्या, वडा खायला येतो. पैसं दिऊन."

आले, आणि पैसे देऊनच गेले.

आज त्याच भिंतीला लागून माझा गाळा आहे. थोरली आयटीआयला जाते. दर दिवाळीला रंग देतो तेव्हा ती हातभर जागा सोडतो. रंगारी दरवर्षी हुज्जत घालतो, मी ऐकत नाही.

आप्पांना साठीनंतरचे आयुष्य उदंड आणि निरोगी लाभो. डॉक्टरांनी त्यांचे तळलेले बंद केल्याचे कानावर आले आहे. तरीही आप्पा, अधूनमधून येऊन बसत जा. वडा नाही देणार. तुमची भिंत अजून काळीच ठेवली आहे, तेवढी बघून जा.