रेडिएटरातलं पाणी किनुए काढते

"हिरवं घ्या. लाल नको, लाल तुमच्या गाडीला खाऊन टाकेल."

गॅरेजवाल्या नितानाईने दोन डबे तोकुजी ओइकावासमोर आपटले. "लाल कूलंट नव्या गाड्यांना. तुमचा रेडिएटर पितळी, कथलाचा डाग दिलेले सांधे. म्हाताऱ्याचे दात पडावेत तसा एकेक सांधा निखळेल."

"माझे दात शाबूत आहेत," तोकुजी म्हणाला. "आणि मला दोन्ही नको. साधं पाणी घालणार."

"पाणी? मोरिओकाच्या हिवाळ्यात? अहो ओइकावासान, रात्रीत गोठून फुगेल, इंजिन फाटेल! हे मी तुम्हाला सांगायचं? मला गाडी शिकवली कुणी?"

"संध्याकाळी काढायचं, सकाळी कोमट भरायचं. पूर्वी करायचे तसं."

"रोज? या वयात?"

"मी नाही. किनुए काढते."

नितानाईने डबे परत फळीवर ठेवून दिले.

यंदाचं पहिलं हिव पडलं तेव्हा तोकुजीने हिरवंच भरलं होतं. दिवेलागणीला बघतो तर किनुए बंपरपाशी उकिडवी बसलेली. खालची तोटी उघडी, बर्फावर हिरवी धार, आणि बायको बोट चाटतेय.

"अहो, गोड लागतंय हे!"

विष होतं ते. पोटात फार गेलं नव्हतं म्हणून निभावलं. मग तोकुजीने तोटी तारेने करकचून बांधली, तर ती तारेशी झटत बसली, नखं रक्ताळली. "सोडा ना! पाणी राहिलं तर बाबांची गाडी फुटेल. बाबा मारतील मला."

गाडी तिच्या बाबांचीच. त्या काळी कूलंटसारखं न गोठणारं औषध परवडायचं नाही. दिवस मावळला की पाणी काढायचं काम धाकट्या किनुएचं. तोकुजी त्या अंगणात गाडी शिकायला आला, तेव्हा लाल पडलेल्या हातांची ती पोर त्याच्यावरच खेकसली होती, "बाजूला व्हा की! बूट भिजले तर माझ्या नावाने रडाल."

आता ती लेकीचं नाव विसरली होती. काड्यांनी जेवायचं विसरली होती. तोकुजी कधी नवरा असायचा, कधी बाबांकडचा नवा ड्रायव्हर. पण उजेड कलला की किनुए उठायची, गमबूट चढवायची, शेवटचा थेंब पडेपर्यंत तोटीपाशी बसायची. आत येऊन म्हणायची, "काढलं हो." त्या क्षणी ती पुरती किनुए असायची. तेवढ्यासाठी तोकुजी रोज सकाळी किटल्या तापवायचा. निजायच्या आधी घरातल्या नळांचं पाणी तो स्वतः उतरवायचा. नळ गोठून फुटू नयेत म्हणून सगळं गावच उतरवतं. गाडीला मात्र हात लावायचा नाही. एकदा जरी मागून तपासलं असतं, तर ते तिचं काम राहिलं नसतं.

जानेवारीतली एक संध्याकाळ. स्टोव्हवर मुळ्याचं सार रटरटत होतं. किनुए बसून होती.

"किनुए, अंधार पडला."

"हो ना. दिवस किती लहान झालेत!"

"गाडी बाहेर आहे."

"कुणाची?"

"बाबांची."

"बाबा येतीलच एवढ्यात," ती अदबीने म्हणाली. "तोवर तुम्ही चहा घ्या ना."

त्याने गमबूट तिच्या पायाशी आणून ठेवले. ती संकोचली. "अगंबाई, मला कशाला? घरातल्या बाईंचे असतील. रागावतील त्या."

अंगणात जाऊन तोटी फिरवायची, बस्स. तोकुजी उठला नाही. सार संपलं की उठेल ती. भांडी विसळून झाली की उठेल. त्याने तिचं अंथरूण घातलं, तिला पांघरूण दिलं, घरातले नळ उतरवले. दाराच्या कडीवर हात ठेवला. तसाच काढून घेतला.

सकाळी नितानाईने येऊन बॉनेट उघडलं. पितळेचे सांधे उसवून बर्फाचे सुळे बाहेर आले होते. इंजिनाला बोट जाईल एवढी भेग.

"गेलं हे, ओइकावासान. आता काही करता यायचं नाही." मग जरा खालच्या आवाजात, "पाणी काढलं नव्हतं का?"

किनुए दारात उभी होती. पाहुण्याकडे बघून हसत होती.

"काढलं होतं की," तोकुजी म्हणाला. "तिनेच काढलं. रोज काढते. तळाशी थोडं राहिलं असेल."

नितानाईने रेडिएटरचं झाकण उघडलं. बर्फ थेट तोंडापर्यंत आला होता. त्याने झाकण जागेवर बसवलं, हातमोज्याने पुसलं.

"राहतं," तो म्हणाला. "कितीही काढलं तरी थोडं राहतंच."