हळू बोलण्याचा वर्ग

दहावीच्या सुट्टीत आईने मला व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात घातलं. भिवंडीत तेव्हा अशा वर्गांचं पेव फुटलं होतं. आमचा वर्ग कापडाच्या गोदामावरच्या माळ्यावर भरायचा. शिकवणाऱ्या सरांकडे एकच कोट होता, तो ते भर मे महिन्यात घालत. हात कसा मिळवावा आणि खुर्चीत कसं बसावं, एवढं शिकवायला या गृहस्थांना दोन आठवडे लागले. मग एक दिवस म्हणाले, "सुसंस्कृत माणसं हळू बोलतात. तुम्ही भिवंडीची पोरं नुसती ओरडता."

ओरडणारच! बाबांची वीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेली होती, कान पार निकामी झाले होते. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या आमच्या घरात कुणी मीठ मागितलं तरी आळीभर कळायचं. सरांच्या डोक्यात एवढं साधं शिरलं नाही. पण मी तर त्यांच्याहून दीडशहाणी. दुसऱ्या दिवसापासून घरातही हळू बोलू लागले. बाबा दोनदा "आँ?" करत, तिसऱ्यांदा नुसती मान डोलवत. मला वाटे, माझा विकास होतोय.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या वडिलांविषयी बोलायचं होतं. बाबा शिफ्ट बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. मी कोटवाल्याला शोभेल अशा आवाजात सांगितलं, "माझे वडील कापडाच्या व्यवसायात आहेत." लूमचं नाव काढलं नाही. काढायची लाज वाटली, दुसरं काही नाही. सर खूश झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून बाबांनीही वाजवल्या, सगळे थांबल्यावरही वाजवत राहिले.

खाली उतरताना जिन्यातच त्यांनी मोठ्याने विचारलं, "काय बोललीस गो? मना आयकूच आला न्हाय. लूमचा सांगलास ना?"

मागे सर उभे होते, वर्गातल्या मुली होत्या. खरं काय ते सांगायला ओरडावं लागलं असतं. मी पटकन मान डोलवली.

घरी पोचेपर्यंत बाबांना दम निघाला नाही. ओटीवर बसलेल्या शेजाऱ्याला त्यांनी रस्त्यातूनच हाक मारली, "पोरीनं सगल्यांसमोर सांगला, माजा बापूस लूमवर हाय म्हून!"

शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मान डोलवली. त्या कोटवाल्याला मी आजही शिव्या घालते, पण मान डोलवली ती मी.