लीव्ह म्हणजे जाणं की राहणं

अमेरिकेत बॉथेलला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी लायब्ररीतल्या इंग्लिश संभाषणाच्या गटात जायला लागले. शिकायला नाही, शिकवायला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असल्यामुळे मला नोकरी करता येत नव्हती. नाशिकला मी फिजिओथेरपिस्ट होते, दिवसभर माणसांना उठवायचे, चालवायचे. इथे मुलाला शाळेत सोडलं की घरातल्या डिशवॉशरशिवाय कुणाचा आवाज नसायचा. विनामोबदला काम चालतं असं कळल्यावर मी नाव दिलं.

गट चालवणाऱ्या निवृत्त अमेरिकन बाईंनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. तिथे सगळ्या चिनी आज्या. मुलीची, सुनेची मुलं सांभाळायला आलेल्या. त्यातल्या एकींशी माझं जमलं. ठेंगण्या, बारीक कापलेले पांढरे केस, गावी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. दीड वर्षाच्या नातवाला बाबागाडीत घालून त्या पायी यायच्या. त्या मला ‘टीचर’ म्हणत, मी त्यांना सरळ ‘आजी’ म्हणायचे.

दर आठवड्याला एक शब्द असायचा. त्या दिवशी ‘लीव्ह’ होता.

“आय लीव्ह होम ॲट नाइन,” म्हणत मी दोन बोटं टेबलावर चालवली. आजींनी मान डोलावली.

“आय लीव्ह द की ऑन द टेबल.” मी गाडीची किल्ली ठेवून हात मागे घेतला.

आजींची मान थांबली. “टीचर, लीव्ह इज गो? ऑर लीव्ह इज स्टे?”

त्यांनी कागदावर दोन चिनी अक्षरं काढली. एकावर बोट ठेवून दाराकडे हात केला, दुसऱ्यावर ठेवून तळवा टेबलावर दाबला. त्यांच्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द होते. आपल्याकडेही निघणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. इंग्लिशवाल्यांनी एकावरच भागवलंय. जो लीव्ह करतो तो जातो, ज्याला लीव्ह करतो ते राहतं, असं मी कसंबसं समजावलं. मग ऑफिसातली रजा म्हणजेसुद्धा लीव्ह, आजारी पडल्यावर सिक लीव्ह, हे सांगितलं तेव्हा सगळ्याजणींनी एकदम हुश्श केलं.

आजींनी वाक्य केलं, “माय हजबंड लेफ्ट.”

पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी छातीवर हात ठेवला. “ओह, आय ॲम सो सॉरी!”

आजोबा कुठेही निघून गेले नव्हते. म्हाताऱ्या आईला सांभाळायला ते चीनमध्येच मागे राहिले होते. हे कळल्यावर सगळ्या खूप हसल्या, आजीही तोंडावर हात ठेवून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “आय लीव्ह चायना. हजबंड लीव्ह.” ते वाक्य मी दुरुस्त केलं नाही.

त्याच आठवड्यात आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. दादा फोनवर रडवेला झाला होता. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. इथे राहायला हरकत नव्हती, पण बाहेर पडले असते तर परत येण्यासाठी तिकडे मुलाखत द्यावी लागली असती, आणि मुलाखतीच्या तारखा मिळत नव्हत्या. आमच्या ओळखीची एक मुलगी बहिणीच्या लग्नाला गेली ती कितीतरी महिने तिकडेच अडकली. तिचं बाळ इकडे.

“तू जा,” नवरा म्हणाला. “मी मॅनेज करतो.”

“आणि परत येता नाही आलं तर? त्याची शाळा, तुझी रात्री-अपरात्रीची ऑन-कॉल ड्यूटी?”

आई फोनवर म्हणाली, “येऊ नकोस गं. इथं सगळे आहेत.” आयुष्यभर परक्या माणसांचे खुबे चालते केले होते मी. सूटकेस माळ्यावरून काढली, दोन दिवस बेडरूममध्ये उघडी ठेवली आणि परत वर टाकली.

पुढच्या वेळी मला लायब्ररीत पोचायला उशीर झाला. दारासमोर पोलिसांची गाडी होती. आत आजी बाबागाडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या. समोर एक उंच, तरुण पोलीस ऑफिसर. बाबागाडीत नातू नव्हता. गटासाठी आणलेली संत्र्यांची पिशवी होती. त्यांचं नवीन वर्ष जवळ आलं होतं.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका तरुण आईने मला सांगितलं ते असं. तिने सहज विचारलं होतं, बाळ कुठे? आजी म्हणाल्या, “आय लीव्ह बेबी होम.” घरी कोण आहे? “डॉटर लीव्ह.” बाळ एकटं आहे का? आजींना प्रश्न कळला नसावा, त्या हसून “येस, येस, स्लीप” म्हणाल्या. ती घाबरली आणि तिने फोन केला.

ऑफिसर शांतपणे पुन्हा विचारत होता, “मॅम, तुमची मुलगी घरातून कधी गेली?”

“डॉटर लीव्ह टुडे,” आजी म्हणाल्या.

“सिक लीव्ह?” मी मध्येच ओरडले. “आजी, डॉटर सिक लीव्ह?”

“येस! सिक! सिक लीव्ह!” आजी खोकून दाखवायला लागल्या, कपाळाला हात लावून ताप दाखवायला लागल्या. “डॉटर होम! बेबी, डॉटर, होम!”

मी ऑफिसरला समजावलं. त्याने ऐकून घेतलं, पण म्हणाला की घर बघावंच लागेल. मुलगी फोन उचलेना. त्याचा सहकारी अपार्टमेंटवर गेला. तोवर आम्ही बाकावर बसून राहिलो. आजींचा हात माझ्या हातात होता. शेवटी वायरलेसवर निरोप आला, आई आणि बाळ दोघं गाढ झोपले होते. ऑफिसरने सॉरी म्हटलं, आजींना घरापर्यंत सोडतो म्हणाला. त्या पोलिसांच्या गाडीत बसायला तयार होईनात, म्हणून मी माझ्या गाडीतून नेलं. संत्री बाबागाडीतच राहिली होती, ती तशीच परत गेली.

त्यानंतर आजी गटात आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर मुलीने दार अर्धवटच उघडलं. तिच्या ग्रीन कार्डचं काम चालू होतं, पोलीस दारात आल्यापासून तिला झोप नव्हती.

“तिला मी बाहेर पडू नको म्हटलंय,” ती म्हणाली. “प्लीज, लीव्ह हर अलोन फॉर सम टाइम.”

तिच्या खांद्यामागे, स्वयंपाकघराच्या दारात आजी नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला, पण हलवला नाही. मला मुलीचा रागही येईना. तिची भीती मला पाठ होती.

आईचं ऑपरेशन नीट झालं. दादाने फोन स्टुलावर उभा करून ठेवला आणि मी बॉथेलच्या किचनमधून आईला वॉकर धरायला शिकवलं. “आधी वॉकर, मग दुखरा पाय. नाही आई, दुखरा.” ती चुकीचा पाय टाकायची, दादा तिला चुकीच्या बाजूने धरायचा, आणि मी पडद्याकडे हात पुढे करायचे. आता ती काठी घेऊन फाटकापर्यंत जाते. पाय थोडा आत वळतो. मी असते तर वळू दिला नसता.

बर्फ वितळल्यावर आजींच्या मुलीचाच फोन आला. आई जेवत नाही, तुम्ही याल का? तेव्हापासून मी दर गुरुवारी जाते. आम्ही स्वयंपाकघरात बसतो, नातू पायात घुटमळत असतो. आजींना या उन्हाळ्यात आजोबांकडे परत जायचं होतं, पण मुलीला दुसरं बाळ होणार आहे, त्यामुळे मुक्काम वाढवायचा अर्ज केलाय. ते सांगताना त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. भाजी चिरत राहिल्या. मीही सुरी घेतली आणि समोर बसले.