स्वेटरातली बॅटरी

राजारामपुरीतल्या मल्लेशनं शेकड्यांनी लग्नं कॅमेऱ्यात धरली, पण त्याची बायको रत्नव्वा एकाही कॅसेटीत नव्हती. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. हलणारी, बोलणारी रत्नव्वा कुठंच नव्हती, आणि ती जाऊन महिना झाला होता.

शूटिंगला ती एकदाच सोबत गेलेली. सत्त्याण्णव साली गडहिंग्लजच्या चनबसाप्पांनी पाच घरं जमवून केदारनाथची यात्रा काढली, त्यात या जोडप्यालाही नेलं. वरच्या थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकायची. मग रत्नव्वानं जादा बॅटऱ्या स्वेटरात, अंगाशी धरल्या. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकला की धापा टाकत ती बाजूनं हात पुढं करायची.

"घ्या. लेकरागत ऊब दिलीया."

"बोलू नकोस, टेपात आवाज येतोय."

"येऊ दे की. माझं बी काढा थोडं."

"खाली उतरल्यावर काढतो. हितं देवालाच बॅटरी पुरंना."

खाली बसची घाई झाली आणि ते राहिलंच.

घरी येऊन मल्लेशनं काम चोख केलं. मध्येच येणारा तो हात जागोजागी कापला, तिच्या आवाजावर भजन चढवलं, पाच घरांना कॅसेटी पोचवल्या. मूळ टेपवर पुढचं लग्न घेतलं. धंद्यात सगळे तसंच करत.

आता सहा वर्षांनी तो त्याच घरांची दारं वाजवत फिरला. कापताना एखादा हात नजरेतून सुटला असेल, एवढीच आशा. चार घरांतल्या कॅसेटींना बुरशी लागलेली. उरले चनबसाप्पा.

म्हाताऱ्यानं कॅसेट देव्हाऱ्याखाली फडक्यात जपलेली. टीव्हीवर बर्फ आला, डोल्या आल्या, भजन घुमलं. मल्लेशची नजर पडद्याच्या कडेलाच, विंगेतून कुणी यायचं असावं तशी.

"देऊळ मधी हाय, तू कडंला काय बघतोयस?"

तेवढ्यात कळसाच्या डावीकडून हिरव्या बांगड्यांचा हात आला. बोटांत काळी बॅटरी. आला तसा गेला.

"मागं घ्या, आण्णा."

चनबसाप्पांनी मागं घेतलं. पुन्हा घेतलं.

"आरं, नुसता हात हाय कुणाचा तर. ऱ्हायला व्हय चुकून?"

"व्हय. ऱ्हायला."

म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग उठून भजनाचा आवाज पार बंद केला.

हात पुन्हा आला तेव्हा मल्लेशनं चित्र तिथंच थांबवलं. थांबलेलं चित्र थरथरतं, तसा तो हात थंडीनं काकडल्यासारखा थरथरत राहिला. मल्लेशनं त्यावर आपला तळवा टेकला.

काच ऊन होती.