गिझालोच्या माथ्यावर थांबताना

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून इटली ठरली, तेव्हा मंदार एवढंच म्हणाला, "एक दिवस मला सायकलचा दे." उरण रस्त्यावर जासईजवळ सायकलला ट्रेलरचा धक्का लागून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्याची सायकल गॅलरीत उभी होती. माझ्या हट्टापायी.

दिवस दिला. मिलानहून ट्रेनने कोमो, पुढे सरोवरातून बोटीने बेलाजिओ. सायकल भाड्याने मिळते, स्वस्त नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. तिथून गिझालोचा घाट. तो सायकलवर, मी बसने. आपल्याकडे भिंतींवर उमेदवारांची नावं रंगवतात, तशी तिथे डांबरावर सायकल शर्यतवीरांची होती. शर्यत गावातून क्षणात निघून जाते, तरी लोक सकाळपासून खुर्च्या टाकून बसतात म्हणे.

माथ्यावर सायकलवाल्यांच्या मेरीमातेचं लहानसं चर्च आहे. भिंतींवर छतापर्यंत नामवंतांनी वाहिलेल्या सायकली, जर्सी. आणि सायकलवर असताना गेलेल्यांचे फोटो. मी पटकन बाहेर आले.

शेजारच्या कॅफेत एक आजी बसल्या होत्या. कॅफेत काम करणारी मुलगी आमचं बोलणं इंग्रजीत करून सांगत होती.

"नवरा चढतोय?"

"हो."

"बारीक आहे की पोटवाला?"

"पोटवाला."

"मग कॉफी घे. वेळ आहे."

त्यांनी आपलं वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. घामेजल्या छातीला उतारावर वारा लागतो, म्हणून ते जर्सीच्या आत घालायचं, त्या म्हणाल्या. पूर्वी शर्यतीत घाटमाथ्यावर उभे असलेले लोक असेच कागद पुढे करायचे. आजींनीही नवऱ्यासाठी कितीतरी घाटांवर केले होते.

"भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"वाटायची की. घरी बसून जास्त वाटायची."

मंदार आला तो लालबुंद, धापा टाकत. मी त्याच्या जर्सीची चेन उघडून कागद आत सारला, हाताने सपाट केला.

"हे काय?"

"गप्प उभा राहा."

तो उतरू लागला. वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले.

रोम, व्हेनिसही पाहिलं. फोटो खूप आहेत. पनवेलला परतल्यावर एका संध्याकाळी मी म्हणाले, "रविवारी ओवे गावाकडून टेकडीवर जा. उरण रस्त्याला नाही."

"एकटा?"

"मी स्कूटरने पुढे जाऊन थांबते."

त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि पंप शोधायला उठला. भीती वाटत होतीच. शब्द मात्र मी मागे घेतले नाहीत.